मुकादम ते मनुष्यबळ विभाग : मुंबईच्या गिरण्यांतील रत्नागिरीच्या कामगारांची भरती व प्रशिक्षण

प्रस्तावना

वेळणेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. उत्तरेस दाभोळची खाडी व दक्षिणेस जयगडची खाडी यांच्यामधील या पट्ट्यात लागवडीखालील जमीन थोडी व कातळ फार. भाताचे एक पावसाळी पीक हाती आले की उरलेल्या वर्षाचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर येथील कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या मुंबईत शोधले. २०१२ पासून याच गावात विद्या प्रसारक मंडळाचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू आहे. अशा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची निवड आज लेखी चाचणी, गटचर्चा व मुलाखत या क्रमाने होते. त्यांच्या पणजोबांच्या पिढीला मात्र नोकरीसाठी गिरणीच्या दारात उभे राहून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे : तुला कोण ओळखतो ?

या दोन पद्धतींतील अंतर केवळ काळाचे नाही. कर्मचारी निवडीची आधुनिक पद्धती ही परदेशी पाठ्यपुस्तकांतून आयात झालेली गोष्ट आहे, अशी समजूत व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात सर्रास आढळते. वस्तुतः मुंबईच्या कापड गिरण्यांत भरतीचा प्रश्न शंभर वर्षे गाजत होता आणि त्याच्या केंद्रस्थानी बहुतांशी रत्नागिरीचा कामगार होता. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहास तपासून असे मांडावयाचे आहे की, सुधारणांनी मुकादमाच्या हातून भरतीचा अधिकार काढून घेतला. परंतु कामगाराला काम शिकविण्याची जी जबाबदारी तो बऱ्यावाईट रीतीने पार पाडीत होता, ती पूर्णांशाने कोणीही स्वीकारली नाही.

रत्नागिरी आणि गिरणगाव

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि मुंबईत कापड उद्योगाचा पाया घातला गेला. या उद्योगाला लागणारे मनुष्यबळ प्रामुख्याने कोकणाने पुरविले. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९३१ पर्यंत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले, तरीही एका जिल्ह्याचा वाटा म्हणून ते लक्षणीय होते. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचाही समावेश होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दाभोळ व जयगड या बंदरांतून किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटींनी हा प्रवास सुलभ केला. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. मुंबईत उतरलेला तरुण आपल्या गावच्या मंडळींच्या खोलीवर जाई. एका खोलीत अनेकांनी पाळीपाळीने झोपावे, खाणावळीत उधारीवर जेवावे आणि काम मिळाल्यावर गावी मनिऑर्डर पाठवावी, असा हा क्रम होता. गावाशी नाते तुटत नसे. शिमगा, गणपती, लग्नसराई व शेतीची कामे यांसाठी कामगार गावी परतत. गिरणीमालक याला अनियमितपणा म्हणत. परंतु आजारपणात, संपात किंवा म्हातारपणी त्या कामगाराला गिरणीकडून कोणताही आधार नव्हता. तो आधार गावाकडच्या घराचाच होता. ही बाब ध्यानी घेतल्यास गावाशी जपलेले नाते हा त्याचा दोष नसून व्यवहारी शहाणपण होते, असेच म्हणावे लागेल.

मुकादमी पद्धतीचे स्वरूप

गिरणीतील भरती जॉबर अथवा मुकादम यांच्या हाती असे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करीत असे. मुकादम कामगार आणी, त्याला यंत्रावर उभे करी, कामावर देखरेख ठेवी, रजा देई आणि कामावरून काढूनही टाकी. गैरहजर कामगारांच्या जागी रोज सकाळी दारात जमलेल्या बदली कामगारांमधून कोणाला आत घ्यावयाचे, हेही तोच ठरवी. या अधिकाराची किंमत दस्तुरीच्या रूपाने वसूल केली जाई. काम मिळविण्यासाठी आणि मिळालेले काम टिकविण्यासाठी कामगाराला पैसे द्यावे लागत. अनेक मुकादम सावकारीही करीत किंवा खाणावळी व खोल्या यांच्या व्यवहारात त्यांचे हितसंबंध असत.

मुकादम म्हणजे निव्वळ जुलमी मध्यस्थ, असे चित्र रंगविणे मात्र एकांगी ठरेल. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, मुकादमाची सत्ता वस्तीतील संबंधांवर उभी होती आणि म्हणूनच तिला मर्यादाही होत्या. त्याला हुकमी कामगार हवे असत. ते मिळविण्यासाठी अडीनडीला कर्ज देणे, खोली मिळवून देणे, भांडण मिटविणे ही कामे त्याला करावी लागत. कामगारांनी पाठ फिरविली तर त्याचे गिरणीतील महत्त्वही संपे. मालकांच्या दृष्टीने ही व्यवस्था स्वस्त होती. मालाची मागणी कमी-जास्त झाली की कामगारांची संख्या त्याप्रमाणे बदलता येई आणि निवड, शिस्त व शिकवण यांसाठी स्वतंत्र खर्च करावा लागत नसे.

काम शिकण्याची रीत

प्रशिक्षण हा शब्द गिरणीत वापरात नव्हता, पण शिकणे चालूच होते. नवखा मुलगा काका, मामा किंवा गाववाल्याच्या साच्याशेजारी उभा राही. तुटलेला धागा जोडणे, कांडी बदलणे, यंत्राचा आवाज ओळखणे या गोष्टी तो पाहून शिके. या काळात त्याला बहुधा वेतन नसे. शिकविणाऱ्याला एक मदतनीस मिळे, शिकणाऱ्याला कसब मिळे आणि गिरणीला तयार कामगार फुकट मिळे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून तांत्रिक शिक्षण मिळू लागले. तथापि तेथील शिक्षण वरच्या जागांसाठी होते. साच्यावर उभ्या राहणाऱ्या सामान्य कामगारापर्यंत ते पोहोचणे शक्य नव्हते. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. हे कार्य मोलाचे होते, परंतु ते उद्योगाचे नव्हे तर समाजसेवकांचे होते.

ओळखीच्या कक्षेबाहेरचे

ओळखीवर चालणाऱ्या भरतीचा सर्वांत गंभीर दोष असा की, ज्याला ओळख नाही त्याला दार बंद. तुटलेले सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणावरून स्पृश्य विणकर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. विणकाम खात्यात मजुरी अधिक असल्याने ही बंदी थेट उत्पन्नावरची बंदी होती. रत्नागिरीतून आलेल्या दलित कामगारांना त्यामुळे अन्य खात्यांतील कमी मजुरीच्या कामांवर समाधान मानावे लागे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला आणि संपाच्या पुढाऱ्यांना या भेदाचा जाब विचारला. शिकणे हे नातलगाच्या साच्याशेजारीच होत असल्यामुळे ज्या जातीचा नातलग त्या खात्यात नाही, त्या जातीच्या तरुणाला ते कसब शिकण्याचीही सोय नव्हती. भरती व प्रशिक्षण हे दोन्ही एकाच ओळखीच्या धाग्याने बांधलेले असल्याचा हा परिणाम होता. गुणवत्तेची खुली परीक्षा ही कल्पना येथील समाजाला का हवी होती, याचे उत्तर या एका उदाहरणात मिळते.

सुधारणांचा कालखंड

१९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही श्रम आयोग नेमला गेला. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने कामगार नेमण्याचा व काढण्याचा मुकादमाचा अधिकार काढून घ्यावा आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई औद्योगिक तंटे समेट कायद्यान्वये सरकारी कामगार अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. या योजनेनुसार ठरावीक बदली कामगारांना महिन्याच्या प्रारंभी कार्डे देण्यात येऊ लागली आणि रिकाम्या जागी कार्डधारकांना प्राधान्य मिळू लागले. रोज सकाळच्या याचनेची जागा प्रथमच एका कागदाने घेतली. दस्तुरी या कागदाने लगेच संपली नाही, परंतु तिच्या मुळावर घाव पडला.

यानंतरची पावले अधिक वेगाने पडली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली. पुढे तीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याने नोकरीच्या शर्ती लेखी असणे आवश्यक केले. आदर्श स्थायी आदेशांत कायम, उमेदवारीवरील, बदली, हंगामी, नैमित्तिक व शिकाऊ असे कामगारांचे वर्ग स्पष्ट करण्यात आले. १९४७ मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. १९५० मध्ये मुंबईतील गिरण्यांसाठी बदली कामगारांची नोंदणी करून त्यांना क्रमाने काम देणारी योजना लागू झाली. भरती, शिस्त व कल्याण ही कामे अशा रीतीने मुकादमाकडून एका शिक्षित अधिकारी वर्गाकडे गेली. आजच्या मनुष्यबळ विभागाचे मूळ मुंबईपुरते तरी येथे आहे.

राहून गेलेली बाजू

या सर्व सुधारणांत निवडीचा जेवढा विचार झाला तेवढा शिकविण्याचा झाला नाही. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उद्योगांवर काही उत्तरदायित्व टाकले. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेसारख्या संस्थांनी उत्पादनाच्या तंत्राचा अभ्यास केला. परंतु गिरणीत आधीच उभ्या असलेल्या कामगाराला नव्या यंत्राचे किंवा दुसऱ्या व्यवसायाचे शिक्षण देण्याची व्यापक व्यवस्था झाली नाही. त्याचे कसब एका साच्यापुरते राहिले.

याची किंमत १९८२ नंतर दिसून आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. पुढील काळात एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. वीस-पंचवीस वर्षे साचे चालविलेल्या माणसाकडे कसब होते, पण त्याचा पुरावा देणारे प्रमाणपत्र नव्हते. त्याने काय शिकले हे त्याच्या हातांना ठाऊक होते. नव्या मालकाला दाखविता येईल असे त्यातले काही कागदावर नव्हते. अनेकांनी पहारेकऱ्याचे वा हमालीचे काम पत्करले, अनेक जण कोकणातील घरी परतले.

नव्या काळातील जुना प्रश्न

त्यानंतर कोकणातच रोजगाराच्या काही संधी निर्माण झाल्या. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले व १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. रेल्वेसाठी जमीन दिलेल्या कुटुंबांना भरतीत प्राधान्य हे धोरण येथे स्वीकारले गेले. गुहागर तालुक्यात अंजनवेल परिसरातील दाभोळ वीज प्रकल्पाचे उत्पादन १९९९ मध्ये सुरू झाले, २००१ मध्ये थांबले आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न झाला. मोठ्या प्रकल्पांच्या उभारणीत बरेच काम कंत्राटदारांमार्फत चालते. कंत्राटदार माणसे आणतो, हजेरी घेतो, मजुरी वाटतो व कामावरून कमीही करतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने या पद्धतीवर नियंत्रण आणले, पण ती नाहीशी झाली नाही. मुकादमाच्या कार्याचे हे नवे रूप आहे, असे म्हणता येईल. फरक इतकाच की, जुना मुकादम गाववाला असे आणि अडचणीत त्याच्या दारात जाता येई.

मोठ्या कंपन्यांतही कर्मचाऱ्यांच्या शिफारशीवरून उमेदवार घेण्याची पद्धत मान्यता पावली आहे. ती पूर्णतः त्याज्य नाही, कारण ओळखीतून विश्वास मिळतो. मात्र विणकाम खात्याचा अनुभव स्मरणात ठेवल्यास शिफारस ही निवडीची सुरुवात असावी, निकष नसावा, हा धडा घेता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रम संहितांनुसार कामगाराला नेमणूकपत्र देणे आवश्यक झाले आहे. १९३५ च्या बदली कार्डापासून सुरू झालेल्या लेखी हक्काच्या प्रवासातील हा पुढील टप्पा होय.

निष्कर्ष

मुकादमी पद्धतीत निवड, शिकवण, शिस्त व आधार ही चारही कामे एका माणसात एकवटली होती. त्यातून लाचलुचपत व जातिभेद पोसले गेले. आधुनिक पद्धतीने या कामांची फोड केली, निवडीला नियम दिले आणि दाराबाहेर राहिलेल्यांना प्रवेशाचा हक्क दिला. हे यश थोडे नाही. तथापि शिकविणे व आधार देणे ही दोन कामे या फोडीत अनाथ राहिली. पूर्वी ती नातलगाने केली, आज ती बहुतांशी कुटुंबाच्या पैशाने महाविद्यालये व शिकवणी वर्ग करीत आहेत. आपल्या कर्मचाऱ्याचे कसब वाढविणे व ते प्रमाणित करणे हा उद्योगाचा खर्च न मानता कर्तव्य मानले गेले, तरच भरतीची आधुनिक पद्धती पूर्णत्वास जाईल. वेळणेश्वरच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला मुलाखतीची तयारी करून देताना अध्यापकांनी हा इतिहासही त्याच्यापुढे ठेवावा. नोकरी मिळाल्यानंतर तेथे पुढे काय शिकावयास मिळेल, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्या पणजोबाला नव्हता. त्याला तो आहे.