मिलिसेकंद स्पंदक : वृद्ध ताऱ्यांचा विलक्षण वेग

सूर्यापेक्षा अनेक पटींनी जड असलेल्या ताऱ्याचा स्फोटाने अंत झाला, की त्याचा गाभा आकुंचन पावून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा गोळा उरू शकतो. सूर्याहून अधिक वस्तुमान सामावलेला हा गोळा म्हणजे न्यूट्रॉन तारा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे फिरत पृथ्वीवर आला, तर ठरावीक अंतराने स्पंद मिळतात. म्हणून त्यास स्पंदक म्हणतात. पहिला स्पंदक जोसेलिन बेल यांना १९६७ मध्ये केंब्रिज येथे आढळला.

त्यानंतर अनेक वर्षे वेगाचा मान वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाकडे होता. सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेणारा हा तारा इ.स. १०५४ मध्ये दिसलेल्या स्फोटातून जन्मला, म्हणजे अगदी तरुण. वेगवान स्पंदक तरुणच असणार, ही समजूत त्यामुळे रूढ झाली होती.

१९८२ मध्ये तिला धक्का बसला. जंबुक तारकासमूहातील एका रेडिओ स्रोताचे गुणधर्म परस्परांशी जुळत नव्हते. डोनाल्ड बॅकर यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. बर्कले येथे पीएच.डी. करणारे श्रीनिवास कुलकर्णी त्यांच्यासोबत होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड हे कुलकर्णी यांचे जन्मगाव. पोर्टो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीने घेतलेल्या वेधांतून १.५६ मिलिसेकंदांचा आवर्तकाल हाती आला : सेकंदाला ६४२ फेऱ्या! कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला, त्याच्या मानपत्रात मिलिसेकंद स्पंदकांवरील कार्याचाही उल्लेख आहे.

खरे कोडे पुढेच होते. हा तारा जवळजवळ मंदावतच नव्हता. त्यावरून त्याचे चुंबकीय क्षेत्र क्षीण आणि वय कोट्यवधी वर्षांचे ठरत होते. मग हा वेग आला कोठून? बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन व जी. श्रीनिवासन यांनी आणि स्वतंत्रपणे अन्य एका गटाने त्याच वर्षी उत्तर सुचविले. जोडताऱ्यातील सोबत्याकडून ओढले जाणारे द्रव्य थकलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यावर पडते आणि त्यास पुन्हा गरगर फिरविते. सोबत्याचे द्रव्य गिळत असताना सेकंदाला ४०१ फेऱ्या घेणारा तारा १९९८ मध्ये क्ष-किरणांत दिसला, तेव्हा या कल्पनेस भक्कम आधार मिळाला. गंमत अशी, की मूळच्या ६४२ फेऱ्यांच्या स्पंदकाला आज सोबतीच नाही. तो कसा नाहीसा झाला, यावर अद्याप एकमत नाही.

या ताऱ्यांची नियमितता दीर्घकाळात अणुघड्याळांशी तुलना करण्याजोगी आहे. म्हणूनच त्यांचा उपयोग गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी होतो. नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण या कामी भारत-जपान गटाच्या हाताशी आहे. २९ जून २०२३ रोजी युरोपीय व भारतीय-जपानी शास्त्रज्ञांनी २५ स्पंदकांच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला. अन्य देशांतील गटांचे निष्कर्षही त्याच वेळी प्रसिद्ध झाले. आंतरतारकीय इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ स्पंदांना विलंब होतो आणि तो कमी वारंवारतेवर अधिक असतो. जीएमआरटी नेमक्या याच पट्ट्यात पाहत असल्याने हा विलंब अचूक मोजून वजा करता येतो.