स्वातंत्र्यवाद : किमान राज्यसंस्थेचा विचार आणि त्याचा इतिहास

राज्यसंस्थेला माणसावर हुकूम चालविण्याचा अधिकार कोठून प्राप्त होतो आणि त्या अधिकाराची सीमा कोणती, हा राजकीय तत्त्वज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे. प्रत्येक व्यक्ती आपल्या देहाची, श्रमाची व न्याय्य मार्गाने मिळविलेल्या वस्तूंची स्वामी असते. म्हणून तिच्यावर बळाचा वापर करण्याचा अधिकार कोणालाही, अगदी शासनालाही, केवळ आत्मसंरक्षण व अन्यायनिवारण यांपुरताच असतो, असे या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या विचारधारेस स्वातंत्र्यवाद म्हणतात. इंग्रजीत ‘लिबर्टेरियनिझम’ या नावाने ती ओळखली जाते. उदारमतवादाशी तिचे नाते जवळचे असले, तरी दोन्ही एक नव्हेत. विसाव्या शतकातील उदारमतवादाने कल्याणकारी राज्याचा स्वीकार केला. स्वातंत्र्यवादाने त्याला विरोध केला वा त्याचे क्षेत्र शक्य तितके आकुंचित ठेवण्याचा आग्रह धरला.

संज्ञेचा प्रवास

आज मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांना लावली जाणारी ही संज्ञा मूळची त्यांची नव्हे. जोसेफ देजाक या फ्रेंच अराज्यवादी लेखकाने १८५७ मध्ये प्रूदाँला लिहिलेल्या पत्रात ‘लिबर्तेर’ हा शब्द राजकीय अर्थाने वापरला. स्त्रियांच्या हक्कांबाबत प्रूदाँ मागे राहिला, असा त्याचा आक्षेप होता. पुढे १८५८ ते १८६१ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याने याच नावाचे फ्रेंच पत्र चालविले. युरोपात हा शब्द दीर्घकाळ समाजवादी छटेच्या अराज्यवाद्यांचाच राहिला. अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे सरकारी हस्तक्षेपाचा समर्थक असा अर्थ रूढ झाल्यावर जुन्या उदारमतवाद्यांना नव्या नावाची गरज भासू लागली आणि १९५० च्या दशकात त्यांनी हा शब्द आपलासा केला. त्यामुळे आज एकाच नावाखाली खासगी मालमत्तेला पवित्र मानणारे आणि भूमीवरील खासगी मालकीला आव्हान देणारे असे दोन प्रवाह आढळतात.

मूळ कसोटी

स्वातंत्र्यवादाची कसोटी सोपी आहे. जे कृत्य एका व्यक्तीने दुसऱ्याशी केले असता गुन्हा ठरेल, ते शासनाने केल्यास न्याय्य कसे ठरते? शेजाऱ्याने बळजबरीने पैसे नेले तर ती लूट. मग कर म्हणजे काय? शेजाऱ्याने आपल्या मुलाला बंदूक देऊन लढावयास धाडले तर ते अपहरण. मग सक्तीची सैन्यभरती म्हणजे काय? बहुमताने एखादी गोष्ट न्याय्य होत नाही, असे या विचाराचे म्हणणे आहे.

या कसोटीला मिळालेल्या उत्तरांवरून तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष पोलीस, न्यायालय व संरक्षण एवढ्यापुरतेच राज्य मान्य करतो. जर्मन समाजवादी फेर्डिनांड लासाल याने १८६२ मध्ये अशा राज्याची ‘रात्रीचा पहारेकरी’ अशी थट्टा केली. पुढे ते नावच रूढ झाले. दुसरा पक्ष पहारेकऱ्याचीही मक्तेदारी नाकारतो. तिसरा पक्ष हक्कांपेक्षा परिणामांवर भर देतो : मुक्त विनिमयातून समाजाचे हित अधिक साधते, म्हणून शासनाने दूर राहावे, असे तो म्हणतो.

जॉन लॉकपासून स्पेन्सरपर्यंत

या परंपरेचा सैद्धांतिक पाया इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२-१७०४) याने घातला. माणूस आपल्या श्रमाचा स्वामी आहे. बेवारस निसर्गात तो आपले श्रम मिसळतो, तेव्हा ती वस्तू त्याची होते. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, असे त्याने १६८९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक ग्रंथात मांडले. शासन संमतीने निर्माण होते आणि हक्कांचे रक्षण न केल्यास ते उलथविण्याचा अधिकार प्रजेला असतो, हा त्याचा निष्कर्ष अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात उतरला. १७७६ या त्याच वर्षी अ‍ॅडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ प्रसिद्ध झाला.

जर्मनीत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट याने राज्याच्या मर्यादांवर १७९२ च्या सुमारास लिहिलेला ग्रंथ पूर्णरूपाने १८५१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशात आला. जॉन स्टुअर्ट मिलने ‘ऑन लिबर्टी’च्या (१८५९) प्रारंभी त्याचेच वचन दिले आहे. फ्रान्समध्ये फ्रेडरिक बास्तिया याने १८५० मध्ये कायदाच लुटीचे साधन कसा बनतो, हे उपरोधपूर्ण शैलीत दाखविले. त्याचा बेल्जियन सहकारी गुस्ताव्ह द मोलिनारी याने १८४९ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकून, संरक्षण ही सेवादेखील स्पर्धेने पुरविता येईल, असा युक्तिवाद केला.

अमेरिकेत लायसँडर स्पूनर याने हा विचार व्यवहारात उतरविण्याचा यत्न केला. सरकारी टपालाहून स्वस्त दरात पत्रे पोहोचविणारी कंपनी त्याने १८४४ मध्ये काढली. सरकारच्या कारवाईमुळे ती बंद पडली. मात्र १८४५ मध्ये टपालाचे दर कमी करण्यात आले. त्याच वर्षी स्पूनरने गुलामगिरी घटनाबाह्य असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. मालमत्तेच्या हक्काचा हा कट्टर पुरस्कर्ता माणसावरील मालकीचा तितकाच कट्टर शत्रू होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हर्बर्ट स्पेन्सर (१८२०-१९०३) याने ‘सोशल स्टॅटिक्स’ (१८५१) व ‘मॅन व्हर्सेस द स्टेट’ (१८८४) या ग्रंथांतून समान स्वातंत्र्याचा नियम मांडला : इतरांच्या तितक्याच स्वातंत्र्याला बाध न आणता प्रत्येकाला हवे ते करण्याची मुभा असावी. महाराष्ट्राला हा विचारवंत परका नाही. गोपाळ गणेश आगरकरांच्या बुद्धिवादी व्यक्तिवादावर मिल व स्पेन्सर यांचा ठसा स्पष्ट आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी तर स्पेन्सरच्या स्मरणार्थ ऑक्सफर्ड येथे व्याख्यानमालेसाठी एक हजार पौंडांची देणगी दिली आणि १९०५ मध्ये सुरू केलेल्या आपल्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ या पत्राच्या शिरोभागी त्याची वचने छापली. साम्राज्यसत्तेच्या विरोधात स्वातंत्र्यवादी तत्त्व कसे उभे राहू शकते, याचे हे उदाहरण होय.

विसावे शतक : ज्ञान, किंमत आणि हक्क

पहिल्या महायुद्धानंतर नियोजनाचा काळ सुरू झाला. १९२० मध्ये ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस याने आक्षेप घेतला की, उत्पादनसाधनांची बाजारपेठच नसेल तर त्यांच्या किमती ठरणार नाहीत आणि किमतींवाचून कोणते साधन कोठे वापरावे याचा हिशेब मांडता येणार नाही. त्याचा अनुयायी फ्रेडरिक हायेक याने १९४५ मधील प्रसिद्ध निबंधात ही मीमांसा पुढे नेली. समाजातील ज्ञान कोट्यवधी माणसांत विखुरलेले असते. ते एका कचेरीत गोळा होऊ शकत नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढतो, तेव्हा कोठे पाऊस लांबला, कोठे साठवण सडली, हे खरेदीदाराला ठाऊक नसते; तरीही वाढलेला भाव पाहून तो आपली खरेदी आवरती घेतो आणि दूरचा उत्पादक आपला माल बाजारात आणतो. किंमत म्हणजे अशी संक्षिप्त बातमी होय. ती हुकमाने दाबली म्हणजे बातमीच थांबते.

हायेकच्या ‘रोड टू सर्फडम’ने (१९४४) वादळ उठविले. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या पुढाकाराने माँ पेलेराँ सोसायटी स्थापन झाली. तथापि हायेक संपूर्ण निर्हस्तक्षेपवादी नव्हता. निराधारांना किमान निर्वाहाची हमी देण्यास त्याची हरकत नव्हती. मिल्टन फ्रीडमन यानेही १९६२ मध्ये गरिबांना थेट रोख साहाय्य देणारी ‘ऋण आयकर’ योजना सुचविली. सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध त्याने केलेले कार्य विशेष उल्लेखनीय आहे. ही भरती अमेरिकेत १९७३ मध्ये थांबली.

याउलट मरे रॉथबार्ड याने राज्यसंस्थाच नाकारली. रशियातून अमेरिकेत गेलेल्या आयन रँड यांच्या कादंबऱ्यांनी हा विचार लाखो वाचकांपर्यंत नेला, पण स्वतः रँड या नावाखाली येण्यास तयार नव्हत्या. विद्यापीठीय प्रतिष्ठा मात्र मिळाली ती हार्वर्डचे रॉबर्ट नॉझिक यांच्या १९७४ मधील ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या ग्रंथामुळे. जॉन रॉल्स यांच्या न्यायसिद्धांताला (१९७१) दिलेले ते उत्तर होते. नॉझिक म्हणतात, कोणाकडे किती आहे यावरून वाटप न्याय्य की अन्याय्य हे ठरत नाही. ते हाती कसे आले यावरून ठरते. मूळ संपादन न्याय्य असेल आणि पुढील प्रत्येक हस्तांतर स्वखुशीचे असेल, तर फलित कितीही विषम असले तरी न्याय्यच होय.

मालकीचा उगम : दुखरी जागा

याच ठिकाणी या परंपरेची कठीण परीक्षा सुरू होते. साखळीचा पहिला दुवाच बळाने घडला असेल तर? जगातील जमिनीचा मोठा भाग जिंकून, बळकावून वा सनदेने मिळालेला आहे. स्पेन्सरने १८५१ मध्ये भूमीवरील खासगी मालकीच अमान्य केली होती. पुढे त्याने माघार घेतली, तेव्हा अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्ज याने त्याच्यावर कठोर टीका केली. भूमी कोणाच्याही श्रमाने निर्माण झालेली नाही, म्हणून तिचे भाडे समाजाचे, हा जॉर्जचा सिद्धांत आजच्या डाव्या स्वातंत्र्यवाद्यांनी पुढे चालविला आहे. नॉझिक यांनी संपादन व हस्तांतर यांच्या जोडीला ‘दुरुस्ती’चे तिसरे तत्त्व मांडले आणि गतकाळातील अन्याय फार मोठे असल्यास काही काळ अधिक व्यापक राज्य आवश्यक ठरू शकेल, हेही मान्य केले. रॉथबार्ड तर म्हणतो की, गुलामांनी कसलेले मळे मुक्ततेनंतर त्यांनाच मिळावयास हवे होते.

म्हणजे हे तत्त्वज्ञान प्रस्थापितांच्या मालमत्तेचे निमूट समर्थन नव्हे. तथापि दुरुस्ती कोणी, किती पिढ्यांची आणि कोणत्या पुराव्यावर करावयाची, याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडे नाही.

दुसरा मोठा आक्षेप अमर्त्य सेन यांचा आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, अन्नधान्य उपलब्ध असूनही शेतमजूर व मच्छीमार मेले, कारण ते विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी उरली नव्हती. कोणाचाही मालमत्तेचा हक्क भंग न होता लाखो माणसे मरू शकत असतील, तर अशा हक्कांना निरपवाद मानता येईल काय? युद्धखर्चाने झालेली चलनवाढ, जप्त केलेल्या नौका आणि प्रांतांनी घातलेली धान्यवाहतुकीची बंधने ही सरकारचीच कृत्ये होती, असा प्रतिवाद स्वातंत्र्यवादी करतात. त्यात तथ्य आहे. पण त्यामुळे सेन यांच्या तात्त्विक प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

भारतातील वाटचाल

स्वातंत्र्योत्तर भारतात नियोजनाविषयी जवळपास एकमत असताना अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर भिन्नमतपत्रिका लिहिली. मुंबई हे या विचाराचे केंद्र होते. एकेकाळी श्रीपाद अमृत डांगे यांना साम्यवादाच्या अभ्यासासाठी आश्रय देणारे रणछोडदास लोटवाला यांच्या संस्थेतून १९५० च्या दशकात ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे नियतकालिक निघत असे. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ स्थापन केले. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातील सहकारी शेतीच्या ठरावानंतर १९५९ मध्ये राजगोपालाचारी, मिनू मसानी व एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ मध्ये त्याला लोकसभेच्या ४४ जागा मिळाल्या. १९७४ मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला.

संस्थानिक व उद्योगपतींचा पक्ष अशी स्वतंत्र पक्षाची प्रतिमा होती. महाराष्ट्रात हाच विचार शेतकऱ्याच्या बांधावरून आला, हे येथील वैशिष्ट्य. शरद जोशी यांनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन केली. चाकणचे कांदा आंदोलन आणि निपाणीचे तंबाखू आंदोलन यांतून ती वाढली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा अनुदानाची मागणी नव्हती. निर्यातबंदी, लेव्ही व जिल्हाबंदी यांद्वारे सरकार भाव पाडते, तो हात काढून घ्यावा, अशी ती मागणी होती. म्हणूनच १९९० च्या दशकात अनेक शेतकरी संघटना डंकेल प्रस्तावाच्या विरोधात असताना जोशी यांनी त्याचे स्वागत केले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजकीय पक्षाच्या नोंदणीसाठी समाजवादावरील निष्ठेची अट १९८८ च्या कायदादुरुस्तीने घातली गेली. ती काढण्यासाठी त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले. त्यांच्याच ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी कायद्याच्या सक्तीविना आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. दुरुस्तीच्या तत्त्वाचे हे एक ऐच्छिक रूप म्हणता येईल.

मूल्यमापन

२०२३ मध्ये अर्जेंटिनात हाविएर मिलेई निवडून आल्याने या विचारधारेकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून उत्पादकाचा भाव पाडण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला, हा शेतकऱ्याचा प्रश्न आणि लॉकचा संमतीविषयक प्रश्न तत्त्वतः एकच आहेत.

स्वातंत्र्यवादाने दिलेली सर्व उत्तरे स्वीकारणे कठीण आहे. ज्याच्यापाशी विकावयास काहीच नाही, त्याच्या स्वातंत्र्याचे काय, याविषयी तो अपुरा पडतो. परंतु प्रत्येक सक्तीचे समर्थन करण्याची जबाबदारी सक्ती करणाऱ्यावर असते, हा त्याचा आग्रह लोकशाहीला अत्यावश्यक आहे. ज्या समाजात शासनाला हा प्रश्न विचारला जात नाही, तेथे सर्वप्रथम दुर्बलाचेच हक्क हिरावले जातात.