विलायतेला जाताना काय काय न्यावे?

जुलै उजाडला की आमच्याकडे भारतातून मेल यायला सुरुवात होते. कुणाच्या भाच्याला मँचेस्टरला प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या मुलीला लीड्सला. मजकूर बहुतेक सारखाच: "तिकडे थंडी किती असते? कुकर आणावा का? मसाले किती? पैसे रोख किती ठेवावेत?" मी आपला वर्षानुवर्षे तेच उत्तर थोडे फिरवून पाठवतो. कुकर आणा, तीन लिटरचा पुरे. जाड कोट तिकडून घेऊ नका, इथल्या पावसाला तो पुरत नाही, इथेच घ्या. इथल्या प्लगच्या पिना चौकोनी असतात, दोन अडॅप्टर आणा. रोजची औषधे असतील तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा. वगैरे.

एकदा मनात आले की ही यादी पहिल्यांदा कुणी केली असेल? शोधता शोधता जे हाती लागले ते मोठे मजेदार आहे. लंडनला शिकायला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शिका लिहिणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक होते बॅरिस्टर मो. क. गांधी! 'गाइड टू लंडन' नावाचे हे छोटे पुस्तक त्यांनी लंडनहून परतल्यावर एक-दोन वर्षांनी लिहिले. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही, पण आज त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात वाचायला मिळते. विलायतेला कुणी जावे, जाण्याआधी काय करावे, कपडे किती नि कोणते घ्यावेत, त्यांना काय पडते, खायचे काय, सगळे त्यात आहे. आठवड्याला एका पौंडात लंडनमध्ये नीट राहता येते, हा त्यांचा मुख्य दावा.

हा दावा करणारा माणूस तिथे पोचला कसा, ते मात्र ऐकण्यासारखे आहे.

४ सप्टेंबर १८८८ ला गांधी मुंबईहून आगबोटीने निघाले. वय अठरा. पैशाची पहिली अडचण मुंबईतच आली. मोढ वाणी जातीची पंचायत बसली, समुद्र ओलांडणे धर्मात बसत नाही असे सांगितले गेले, आणि पोरगा ऐकत नाही म्हटल्यावर त्याला जातीबाहेर टाकले. त्याला मदत करील किंवा धक्क्यावर पोचवायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड! भावाने प्रवासाचे पैसे मेव्हण्यांकडे ठेवले होते. मेव्हण्यांनी जातीच्या भीतीने ते द्यायला नकार दिला. शेवटी एका स्नेह्याकडून उसने घेऊन तिकीट काढले आणि कपडे शिवले. आखूड जाकीट त्यांना अंगप्रदर्शन करणारे वाटले, नेकटायचा तर तिटकारा होता. बोटीवर काट्याचमच्याने खायची धास्ती, आणि कशात मांस आहे ते विचारायची लाज. त्यामुळे बरेच दिवस घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर निघाले. (आपल्याकडच्या आया अजूनही डब्यात भडंग आणि लाडू भरून देतात, त्या काही चुकत नाहीत.)

बोटीवर काळे कपडे वापरून पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी खास उतरायच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आलेला. पांढऱ्या कपड्यातला माणूस आख्ख्या धक्क्यावर हा एकटाच! कपडे बदलावे म्हटले तर सामान आणि किल्ल्या ग्रिंडले कंपनीच्या एजंटाच्या ताब्यात गेलेल्या. वार शनिवार, म्हणजे सोमवारपर्यंत सामान मिळणे नाही. तशाच अवतारात व्हिक्टोरिया हॉटेलात मुक्काम. संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. गांधींनी त्यांची मखमली उंच हॅट उचलून उलट्या बाजूने हात फिरवला आणि तिचे केस विस्कटले. मेहतांनी तिथल्या तिथे चार गोष्टी सांगितल्या: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्या भेटीत खोदून खोदून विचारू नये, मोठ्याने बोलू नये, आणि ज्याला त्याला 'सर' म्हणू नये, इथे नोकर मालकाला तसे म्हणतात. आजकाल विद्यापीठे नव्या मुलांसाठी आठवडाभर स्वागताचे कार्यक्रम करतात, पण त्यात इतका कामाचा मजकूर क्वचितच असतो. त्या हॉटेलचे बिल तीन पौंड झाले आणि ते ऐकून धक्का बसला, असे गांधींनीच लिहून ठेवले आहे.

पुढे काही महिने साहेब व्हायचा नाद झाला. एकोणीस शिलिंगांची हॅट, बाँड स्ट्रीटवर शिवलेला दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट, नाचाची शिकवणी, व्हायोलिन. घरी भाऊ पैसे पाठवतो आहे आणि इथे आपण नाच शिकतो आहोत, हे लक्षात आल्यावर गाडी वळली. बसचे भाडे, टपालाचे तिकीट, वर्तमानपत्राचे दोन पेन्स, सगळे रोज रात्री लिहायचे. दोन खोल्यांची एक खोली झाली, शेगडी आली, सकाळी ओटची लापशी आणि कोको. रोज आठ-दहा मैल पायी. बॅरिस्टरीसाठी अभ्यासापेक्षा 'टर्म भरणे' महत्त्वाचे होते, म्हणजे इन्समध्ये ठरावीक वेळा जेवायला हजेरी लावायची. चौघांच्या टेबलावर दारूच्या दोन बाटल्या मिळत, त्यामुळे न पिणाऱ्या गांधींना आपल्या टेबलावर घ्यायला सगळे टपलेले असत. एका पौंडाचा दावा आला तो या हिशेबाच्या वहीतून.

आता परतीची गोष्ट, कारण तयारीत तीही धरावी लागे. १८९१ मध्ये गांधी परत आले तेव्हा जातीच्या लोकांचे समाधान करण्यासाठी भावाने त्यांना आधी नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घडवले आणि मग राजकोटला जातजेवण घातले. म्हणजे विलायतेच्या खर्चात बोटीचे भाडे, फी, कपडे यांच्या खाली आणखी एक ओळ असायची: प्रायश्चित्त. आपल्या पुण्यात त्याच सुमारास मिशनच्या घरी चहा घेतल्यावरून केवढे रामायण झाले, ते पंचहौद प्रकरण वाचकांना माहीत असेलच. पर्वती ते पंचहौद एवढ्या अंतरात धर्म बुडत होता, तिथे सुवेझपलीकडची काय कथा!

हे सगळे झाले एका मुलाचे, आणि तेही ज्याच्या पाठीशी घर उभे होते अशा मुलाचे. मुलींची तयारी वेगळीच होती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकल्या. गुणांच्या जोरावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, पण ती बाईला देता येत नाही असे कळवण्यात आले. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या, १८९२ मध्ये खास परवानगीने कायद्याच्या बीसीएल परीक्षेला बसल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. म्हणजे तीस वर्षे थांबा! त्याच १८८९ साली मुंबईच्या रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. लहानपणी लावलेल्या लग्नाचा खटला कोर्टात लढून, देशभर शिव्या खाऊन त्या बोटीत बसल्या होत्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. त्यांच्या ट्रंकेत काय होते ते कुणी लिहून ठेवलेले दिसत नाही. मला ते वाचायला फार आवडले असते.

दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पुं. परांजपे १८९६ मध्ये केंब्रिजला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर, आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. त्यांची पैशाची विवंचना त्या मानाने कमी. शिष्यवृत्ती असली की निम्मी तयारी झाली, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र या यादीत राजकारण शिरले. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये हायगेट भागात 'इंडिया हाउस' उघडले. विद्यार्थ्यांना राहायला खोली, आपल्या पद्धतीचे जेवण आणि वर शिष्यवृत्त्या. अट एवढीच की पुढे इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. सावरकर १९०६ मध्ये आले ते यातल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, टिळकांच्या शिफारशीने. सरकारला हे पाहवणे शक्यच नव्हते. १९०९ मध्ये इंडिया ऑफिसने विद्यार्थ्यांसाठी माहिती केंद्र काढले आणि टी. डब्ल्यू. अर्नल्ड यांना शैक्षणिक सल्लागार नेमले. खोल्या शोधून देणे, कॉलेजांना पत्रे लिहिणे, पालकांनी पाठवलेले पैसे सांभाळणे, कामे सगळी उपयोगाची. पण त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. धिंग्रा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानंतर मदत कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड झाले. १९१० मध्ये २१, क्रॉमवेल रोडला या खात्याचे बिऱ्हाड थाटले गेले, तिथे नव्या मुलांना उतरायला खोल्याही होत्या, आणि मुले त्या जागेकडे कायम संशयाने बघत राहिली. मला विचाराल तर त्यांचा संशय रास्त होता. तुमची खोली शोधून देणाराच तुमच्याविषयी अहवाल लिहीत असेल तर त्या खोलीत झोप कशी लागायची?

आणि आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते डॉ. आंबेडकर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकून १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि ग्रेज इनमध्येही नाव घातले. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, मात्र चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण पुढचे सगळे त्या एका कागदावर उभे राहिले. महायुद्ध चालू होते. ते एका बोटीने कोलंबोमार्गे ऑगस्ट १९१७ मध्ये परत आले, सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट पाणतीराने बुडवली. पुस्तकांवर इतका जीव असलेल्या माणसाची पुस्तके समुद्राच्या तळाशी.

मग मुंबईत सिडनम कॉलेजात प्राध्यापकी. परळच्या चाळीत संसार, रमाबाई ओढाताण करून घर चालवताहेत आणि पगारातून लंडनसाठी पैसे बाजूला पडताहेत. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, अशी गोळाबेरीज करून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, रात्री खोलीवर अभ्यास. घरमालकीण हात आखडून वाढणारी होती आणि रात्री भूक लागली की एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खात, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., मधल्या काळात बॅरिस्टरी. प्रिमरोज हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड हे त्यांचे त्या वेळचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे गेलो की मला त्या घराच्या आकारापेक्षा रस्त्याची चढण जाणवते. दिवसभर वाचून, पोट अर्धे रिकामे ठेवून, थंडीत ती चढायची.

गांधी आणि आंबेडकर, दोघांनीही लंडनमध्ये पै-पैचा हिशेब केला. पण एकाने काटकसर निवडली होती, दुसऱ्याला निवडायला काही नव्हते. जातीचेही तसेच. एकाला परदेशी गेला म्हणून जातीबाहेर टाकले आणि नाशिकच्या एका स्नानाने परत घेतले. दुसरा पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीवर गेला, तर राहायला खोली मिळेना. तिथे कुठली नदी उपयोगी पडणार?

स्वातंत्र्यानंतर यादी पुन्हा बदलली. १९६२ च्या कायद्यापर्यंत भारतीय माणसाला इथे यायला अडवणूक जवळजवळ नव्हतीच, अडचण होती ती परकीय चलनाची. साठच्या दशकात आलेले इथले ज्येष्ठ लोक 'तीन पौंड घेऊन आलो' हे वाक्य ऐकवल्याशिवाय दुसरा चहा पिऊ देत नाहीत. तेवढेच न्यायची परवानगी होती. दुसरीकडे इथली फी वाढत गेली. १९६७ पर्यंत परदेशी मुलांना इथल्या मुलांइतकीच फी होती, त्या वर्षी इथल्यांना ७० पौंड तर बाहेरच्यांना २५० अशी तफावत केली गेली, आणि १९८० पासून परदेशी मुलांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल होऊ लागला. आज तुम्ही बँकेत जाऊन ज्या कर्जाच्या कागदांवर सह्या करता, त्याचे मूळ या दोन तारखांत आहे.

आजची तयारी म्हणजे बहुतांशी कागद. बचतीचे पैसे असतील तर ते खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचा दाखला, क्षयरोगाच्या तपासणीचे सर्टिफिकेट, वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार, तोही आगाऊ. आल्यावर पोलिसांकडे नोंद करण्याची पद्धत २०२२ मध्ये बंद झाली, आणि व्हिसाचे प्लास्टिकचे कार्ड जाऊन आता सगळे ऑनलाइन झाले आहे. त्यामुळे त्या खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन नंबर इकडे आल्यावरही चालू राहील असाच द्या. भारतातले सिम लगेच बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

आणि ज्या पालकांनी घर किंवा जमीन तारण ठेवली आहे त्यांना एक विनंती. मुलाला तो आकडा एकदा नीट सांगा, पण दर रविवारी फोनवर त्याची आठवण करून देऊ नका. रविवारी तो काय जेवला ते विचारा.