किंकाळ्यांत बुडालेलें गाणें

बैठकींत एखाद्या रसिकानें दिलेली दाद ध्वनिमुद्रणांत उतरली तर ती कानांस गोडच लागते. परंतु १७ हजारांवर श्रोते एकसारखे किंचाळूं लागले म्हणजे यंत्रानें काय टिपावें? हा पेंच १९६४ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें पडला. तेथील हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंदिरांत २३ ऑगस्ट रोजीं बीटल्स या इंग्लिश चौकडीचें गायन झालें व कॅपिटॉल कंपनीनें तें तीनपदरी फितीवर मुद्रित केलें. १९६५ सालीं त्याच जागीं आणखी दोन रात्रीं मुद्रण झालें. पैकीं एका रात्रीं एका गायकाचा मायक्रोफोनच बिघडला. गायकांस स्वतःचा आवाज ऐकविणारे कर्णे तेव्हां रंगमंचावर नसत. तरीही चौघे तालासुरांत राहिले, हें दीर्घ सरावाचें फळ.

फिती कपाटांत पडून राहिल्या. मुलींच्या किंकाळ्या, गायकांचे कंठ आणि गिटारीच्या तारा यांचीं कंपनें बहुतांशीं एकाच टापूंत पडतात. एक छाटावें तों दुसरें छाटलें जातें.

न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधील १५ ऑगस्ट १९६५ च्या कार्यक्रमाच्या चित्रपटासाठीं मात्र सोपी वाट काढण्यांत आली. जानेवारी १९६६ मध्यें लंडनच्या मुद्रणशाळेंत कांहीं भाग नव्यानें गाऊन-वाजवून चित्रास जोडले गेले. प्रेक्षकांस त्याची वार्ताही नव्हती. गोंगाट हटला खरा, पण त्याबरोबर ती संध्याकाळही हटली! पुरावा म्हणून अशा मुद्रणाची किंमत ती काय?

हॉलिवुड बोलच्या फितींचें दैव अधिक चांगलें. कॅपिटॉलचे सूत्रधार भास्कर मेनन (हे मूळचे त्रिवेंद्रमचे) यांनीं जॉर्ज मार्टिन यांस त्या ऐकण्याची विनंती केली. जुनें यंत्र इतकें तापे कीं, धूळ ओढण्याच्या यंत्राची नळी उलटी लावून त्यास थंड वारा घालावा लागे. मार्टिन व जेफ एमरिक यांनीं नवा सूर एकही न घालतां निरनिराळ्या रात्रींचीं उत्तम गाणीं निवडलीं, आणि १९७७ सालीं तबकडी निघाली. गोंगाट बराच उरला होता.

२०१६ सालीं मार्टिन यांचे पुत्र जाइल्स यांनीं तें काम पुढें नेलें. ॲबी रोड मुद्रणशाळेंत संगणकानें प्रत्येक ध्वनीची ठेवण ओळखून कंठ, गिटार, ढोल आणि किंकाळ्या एकमेकांपासून वेगळ्या केल्या. किंकाळ्या पुसून टाकणें तेव्हां अगदींच अशक्य नव्हतें. परंतु त्या पुन्हां मिसळण्यांत आल्या, फक्त मागल्या बाजूस. आतां रिंगो स्टारच्या ढोलाचा ठोका स्पष्ट कळतो आणि त्याच्या पलीकडे ती सारी गर्दी ओरडत असते.