सांगाड्याचा गंज : रस्त्यावरचं मीठ आणि पिकअप ट्रक

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, सर, तत्त्वज्ञान सोडून हे गॅरेजचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून एका गोष्टीनं सुरुवात करतो.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहराजवळ राहतात. तिथं हिवाळ्यात सरासरी दहा फुटांच्या वर बर्फ पडतो. जावयांकडे एक जुना पिकअप ट्रक होता. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आपल्याकडे मार्केट यार्डात दिसतो तसा. फक्त आकारानं दांडगा आणि केबिनमध्ये मागेही बसायला जागा. बाहेरून गाडी अशी लखलखीत, की दसऱ्याला झेंडू बांधावा. वार्षिक तपासणीला नेली तेव्हा मीही हौसेनं बरोबर गेलो. मेकॅनिकनं गाडी लिफ्टवर चढवली, खाली उभा राहिला, साधा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मागच्या चाकापाशी फ्रेमवर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. मूठभर तांबडे पापुद्रे त्याच्या टोपीवर पडले. तो काही बोलला नाही. जावईही बोलले नाहीत. आदल्याच रविवारी माझी दोन्ही नातवंडं त्या गाडीतून हायवेनं पोहायला गेली होती.

लोखंड गंजतं हे मला माहीत होतं. मला कळेना ते असं, की इतकं होईपर्यंत कुणाला दिसलं कसं नाही? आणि याला जबाबदार कोण धरायचं? तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात मी या दोन प्रश्नांपायी बराच काळ घालवला. त्याचा हा वृत्तांत.

आधी फ्रेम म्हणजे काय ते सांगतो. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच म्हणा. इंजिन, चाकं, केबिन, हौदा, सगळं हिच्यावर बसवलेलं असतं. १९२५ साली फोर्ड कंपनीनं मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढलं, तेव्हाही खाली शिडीच होती. पुढे बहुतेक मोटारींनी ही शिडी सोडली आणि त्यांचं कवचच भार पेलू लागलं. पिकअपनं मात्र शिडी सोडली नाही, कारण ओझं वाहायला आणि ओढायला तीच बरी. म्हणजे या गाडीत जीव कुठं असेल तर तो या शिडीत. आणि ती मालकाला एरवी कधीच दिसत नाही.

आता मीठ. अमेरिकेत रस्त्यावर सर्रास मीठ टाकण्याचं धोरण न्यू हॅम्पशायर राज्यानं पहिल्यांदा घेतलं, १९४१-४२ च्या हिवाळ्यात. त्या मोसमात देशभरच्या महामार्गांवर मिळून सुमारे पाच हजार टन मीठ पडलं. त्याआधी रेती, राख टाकायचे, चाकांना साखळ्या बांधायचे, किंवा सरळ घरी बसायचे. युद्धानंतर उपनगरं वाढली, माणसं रोज वीस-तीस मैल गाडीनं कामाला जाऊ लागली आणि घरी बसणं परवडेनासं झालं. मग एक नवी अपेक्षा जन्माला आली : बर्फ पडो की गारा, रस्ता काही तासांत काळा आणि कोरडा दिसला पाहिजे. १९७० च्या सुमाराला वर्षाला कोटीभर टन मीठ लागू लागलं. तीस वर्षांत पाच हजारांवरून एक कोटी!

हे मीठ येतं कुठून? इथं इतिहासानं थोडी थट्टाच केली आहे. सिरॅक्यूजला जुन्या काळी ‘मिठाचं शहर’ म्हणत. तिथल्या खाऱ्या झऱ्यांच्या मिठावरच्या करातून ईरी कालव्याच्या खर्चाचा काही भाग उभा राहिला. आणि मोटारींची राजधानी जे डेट्रॉइट, त्याच्या बरोबर खाली, हजार फुटांहून खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचं काम सुरू झालं आणि आजही तिथून रस्त्यांसाठी मीठ निघतं. एकाच शहरात वर गाड्या जन्मायच्या आणि खालून त्यांचा काळ उपसला जायचा.

मिठाला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नव्हे. मीठ पडलेल्या रस्त्यावर अपघात झपाट्यानं कमी होतात, रुग्णवाहिका वेळेवर पोचते. हा फायदा रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्याच दिवशी मिळतो. तोटा मात्र दहा-पंधरा वर्षांनी, एकेकट्याला, अंधारात भोगावा लागतो. आणि तो एकटा कोण? गाडी नवी असताना घेणारा नव्हे. त्यानं ती केव्हाच विकलेली असते. भोगतो तो तिसरा-चौथा मालक, ज्याला नवी गाडी परवडत नाही तो. हे वाटप कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही, पण झालं असंच.

आता गंजाचं अंतरंग. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तेव्हा वरून चुना फासून भागत नाही हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. ओल आणि खार आतून काम करतात. लोखंडाचं थोडं तसंच, पण त्यात वीज आहे. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एक सुंदर प्रयोग केला. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, बस्स. थेंबाच्या कडेला हवा भरपूर पोचते, मध्यभागी कमी. आपल्याला वाटेल, जिथं हवा जास्त तिथं झीज जास्त. घडतं उलट. कडेचा भाग सुरक्षित राहतो आणि मधला, हवेला पारखा झालेला भाग विरघळत जातो. दोन भागांत एक चिमुकली बॅटरी तयार होते आणि मीठ त्या पाण्याला वीज वाहायला मदत करतं.

हा थेंब लक्षात ठेवा, कारण ट्रकच्या फ्रेमचं सगळं दुखणं त्यात आहे. फ्रेमच्या कोपऱ्यात साठलेला चिखल, दोन पत्रे एकमेकांवर जोडलेत तिथली फट, पाणी निचरायची भोकं बुजलेली पेटी, या सगळ्या जागा त्या थेंबाचा मध्य आहेत. त्यातून अलीकडच्या फ्रेमा बऱ्याच ठिकाणी चारी बाजूंनी बंद, चौकोनी नळीसारख्या असतात. त्या जास्त ताठ असतात खऱ्या, पण आत गेलेलं मीठ आतच राहतं. म्हणून गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं.

उपायांचा इतिहासही मजेशीर आहे. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. एकानं मरायचं आणि दुसऱ्याला वाचवायचं, असा करार. पण तांबं झिजायचं थांबलं आणि त्याबरोबर त्याचं विषही पाण्यात उतरेनासं झालं. जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटून वेग मंदावला. आरमारानं तुकडे काढून टाकले. शास्त्र बरोबर आणि तरी उपाय फसला! ट्रकला असे जस्ताचे तुकडे लावून उपयोग होत नाही, कारण जहाजासारखा तो सतत पाण्यात बुडालेला नसतो आणि पाण्याशिवाय ते मंडल पूर्ण होत नाही. तरी मोटारीला विजेच्या डबीनं गंजमुक्त करू असं सांगणारे विक्रेते झालेच. अशा एका उपकरणाबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९० च्या दशकात कारवाई केली होती.

जस्ताचा मुलामा ही फ्रान्समधल्या सोरेल यांच्या १८३७ च्या पेटंटपासूनची वाट. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरच्या अगदी सुरुवातीच्या, १९४८ च्या नमुना-गाड्यांची फ्रेम जस्तात बुडवलेली होती. कारखान्यात उत्पादन सुरू झाल्यावर ती नुसती रंगवू लागले. आज त्याच जुन्या गाड्यांचे शौकीन पदरचे पैसे घालून जस्तात बुडवलेली फ्रेम बसवून घेतात. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली कर्ट झीबार्ट या जर्मनीहून आलेल्या मेकॅनिकनं वेगळी वाट काढली. गाडीच्या बंद पोकळ्यांत लांब नळीनं गंजरोधक द्रव्य फवारायचं. मला हा माणूस आवडतो. दिसणाऱ्या भागाला लेप देणारे पुष्कळ होते. यानं न दिसणाऱ्या भागाचा धंदा केला.

पण खरी कलाटणी पुढेच आहे. १९८० नंतर कंपन्यांनी गाडीच्या बाहेरच्या पत्र्यालाच जस्ताचा थर द्यायला सुरुवात केली आणि पत्रे सडायचे कमी झाले. गिऱ्हाईक खूश. मात्र यात एक गोष्ट हरवली. पूर्वी मडगार्डला भोक पडलं की मालकाला कळायचं, आता खालीही बघायला हवं. पत्रा हा इशारा होता. आता पत्रा वीस वर्षं चकाकतो आणि खाली शिडी कुजत राहते. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच : दिसलं नाही, कारण जे दिसतं तेवढंच आपण आधी दुरुस्त केलं. २०१५ पासून फोर्डच्या एफ-१५० चं अंग ॲल्युमिनियमचं आहे, म्हणजे वर तांबडा डाग कधीच दिसणार नाही. पोटातली शिडी अर्थात पोलादाचीच.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. तो न्यायालयात गेला. टोयोटाच्या १९९५ ते २००० या सालांतल्या टॅकोमा ट्रकांपैकी काहींच्या फ्रेमना गंजापासून पुरेसं संरक्षण नसावं, असं कंपनीनं २००८ मध्ये सांगितलं आणि फ्रेमच्या गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत नेली. दुरुस्तीपलीकडच्या गाड्या बाजारभावाच्या दीडपटीनं परत घेतल्या. २००९ मध्ये टुंड्रा ट्रक थंड राज्यांतून परत बोलावले, कारण गंजलेल्या आडव्या पट्टीवरून जादा चाक रस्त्यावर पडण्याचा धोका होता. आणि २०१६ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांच्या दाव्यात ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली. दोष मान्य नाही, पण फ्रेम बदलून देऊ, असा तो मसुदा. मालक म्हणत, मीठ असणार हे कंपनीला माहीत होतं. मला मालकांचं पटतं. १९४१ साली मीठ हा अपवाद होता. साठ वर्षांनंतर तो ऋतू झाला होता. ज्या ऋतूत गाडी चालणार तो गृहीत धरणं हे बनवणाऱ्याचं काम. रस्ते खातं मात्र या दाव्यात कुठंच नव्हतं, आणि मीठ मागणारे आपण तर नव्हतोच नव्हतो.

तर मालकानं काय करावं? हे मी त्या मेकॅनिककडून शिकलो. फ्रेमवर छोट्या हातोडीनं ठोकत जायचं. निरोगी पोलाद खणखणतं, कुजलेलं थबथबतं. आपण मडकं घेताना वाजवून बघतो तसं. वरवरचा तांबूसपणा असेल तर तारेच्या ब्रशनं सुटे पापुद्रे काढायचे आणि गंज स्थिर करणारं द्रव्य लावायचं. त्यातल्या काहींत टॅनिक आम्ल असतं. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडलं की शाई काळी होते, तीच ही क्रिया. पापुद्र्यांवरच रंग फासणं म्हणजे लोण्यावर चुना. जाड रबरी लेपाचंही तेच : एकदा तडा गेला की तो ओल आत धरून ठेवतो आणि वर झाकणही घालतो. डेव्हींची जहाजं आठवा. त्यापेक्षा मेण, तेल किंवा लॅनोलिन बरं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ते मऊ राहतं, फटीत सरकतं. पण दर वर्षी हिवाळ्याआधी पुन्हा मारावं लागतं, आणि बंद पेटीच्या आत लांब नळीनं मारावं लागतं. निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची, लेपानं बुजवायची नाहीत. हिवाळा संपला की खालून आणि आतून गोड्या पाण्यानं धुवायचं. आणि एक गोष्ट मला उलटी वाटली होती : मिठानं माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती बाहेरच्या थंडीपेक्षा लवकर गंजते. ऊब गंजालाही मानवते.

भोक पडल्यावर मात्र यातलं काही चालत नाही. तिथं सडका भाग कापून नवं पोलाद जोडायचं, नाहीतर फ्रेमच बदलायची. आता तुम्ही म्हणाल, फ्रेम बदलली तर गाडी तीच राहिली का? ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाबद्दल हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी घातला. आपल्या आर. टी. ओ. ला विचाराल तर उत्तर सोपं आहे : चॅसिस नंबर बदलला की गाडी बदलली.

जावयांनी त्या ट्रकचा मागचा भाग कापून तयार मिळणारा नवा तुकडा वेल्ड करून घेतला. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला. मुलगी बरेच दिवस त्यांच्याशी नीट बोलत नव्हती. फ्रेमवरचा नंबर पुढच्या, शाबूत भागावर होता, त्यामुळे कागदोपत्री गाडी तीच राहिली. आता दर ऑक्टोबरात ते जुने कपडे घालून तिच्याखाली झोपतात, आणि थोरला नातू बॅटरी धरून भोकं मोजतो. त्याच्या मते बावीस आहेत, बापाच्या मते वीस.