भारहूतचा कठडा कोणाचा?

अलेक्झांडर कनिंगहॅमला १८७३ साली भारहूत येथे, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात, एका उद्ध्वस्त स्तूपाचे अवशेष आढळले. स्तूपाच्या विटा आसपासच्या घरांच्या भिंतींत गेल्या होत्या. मातीखाली राहिलेला लाल दगडाचा कठडा आणि पूर्वेचे तोरण त्याने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेले. दगड वाचले, हे मान्यच केले पाहिजे. पण स्तूपाभोवतीचा गोल कठडा आयताकृती दालनात उभा राहिला की त्याचे काय होते?

स्तूपाचा व्यास सुमारे ६८ फूट होता. स्तूप आणि कठडा यांच्यामध्ये सुमारे १० फुटांचा प्रदक्षिणामार्ग. उपासक स्तूप उजव्या हाताला ठेवून चाले आणि डाव्या हाताला जातकांची चित्रे एकामागून एक येत. बुद्ध तेथे मानवी रूपात नाहीच. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पाऊलखुणा, चक्र. ही शिल्पे चालत वाचायची होती. म्हणून दालनात निदान कठड्याच्या आतून फिरण्याची वाट हवी, आणि कोरीव काम उथळ असल्याने उजेड बाजूने पडायला हवा. समोरच्या झगझगीत उजेडात चित्र कसेबसे दिसते, अक्षरे मात्र बुजून जातात.

आणि माझा सारा आग्रह अक्षरांसाठीच आहे. शिल्पकारांनी प्रसंगांची नावे दगडावरच कोरली आहेत; पाटी लावण्याची अक्कल काही संग्रहालयवाल्यांनी शोधून काढलेली नाही. त्याहून मोलाची आहेत ती दात्यांची नावे. भिक्षू, भिक्षुणी, सुलध नावाचा घोडेस्वार, नाशिकची गोरखिता, आणि बुद्धरक्षित नावाचा रूपकार. मूर्ती घडविणाऱ्या कारागिराचे नाव या देशात सहसा उरत नाही, इथे तर तो स्वतः दाता आहे!

कलेतिहासाचे पंडित मात्र या सगळ्याला 'शुंगकला' म्हणून मोकळे होतात. पूर्वेच्या तोरणावर 'सुगनं रजे', शुंगांच्या राज्यात, एवढाच उल्लेख आहे. ते तोरण उभारले धनभूतीने. ज्या पुष्यमित्र शुंगाला बौद्ध परंपरेने धम्माचा वैरी म्हणून लक्षात ठेवले, त्याच्या घराण्याची मोहोर घोडेस्वाराच्या आणि कारागिराच्या दानावर का उमटावी? राजवंशाचे नाव पाटीवर कोपऱ्यात असो, पण दात्याचे नाव मोठ्या अक्षरांत त्याच्या दगडाशेजारी, मूळ प्राकृतात आणि आजच्या भाषेत, असले पाहिजे. देवळाच्या पायरीवर अडविलेल्यांच्या मुलानातवंडांना तिकीट काढून बेधडक आत जाता येते अशी ही जागा आहे. तिथेही त्यांनी राजांचीच नावे वाचून परतायचे काय?

एका लेखात 'करहकट' निगमाचे दान नोंदलेले आहे. हे करहकट म्हणजे आपले कऱ्हाड. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी विचारतात, सर, तो दगड कुठे पाहायला मिळेल? त्या लेखाचा एक ठसा तरी कऱ्हाडात लावायला किती खर्च येईल?