चीज, कांदा आणि कांदेनवमी

मराठीत 'चीज' हा शब्द जुना आहे, पदार्थ मात्र नवा. फारसीतून आलेली चीज म्हणजे वस्तू. तीच पुढे गवयाची चीज झाली, आणि कष्टांचं चीज होणं म्हणतो तेही तिथलंच. इंग्रजीतून आलेल्या चीजचा या घराण्याशी काडीचा संबंध नाही. लिहायला दोन्ही सारखे, एवढंच. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, काजू आणि अननस दिले, आणि आपण ते शब्दांसकट पचवले. पण चीजला ते काय म्हणतात, तो शब्द काही आपण घेतला नाही. शब्द का घेतला नाही, तर पदार्थच घेतला नाही म्हणून. चारशे वर्षं शेजारी राहून जो पदार्थ आपण उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, तो आज आमच्या कशेळ्याच्या वाण्याकडे दुधाच्या पिशव्यांशेजारी मिळतो. भीमाशंकरला आणि कोथळीगडावर जाणारी शहरातली मुलं आणि शेतघरवाली मंडळी यांच्यासाठी तो आला म्हणतात, पण आता गावातलेही घेतात.

हे सगळं डोक्यात आलं ते कांदेनवमीवरून. आषाढ शुद्ध नवमी ही आमच्या घरची कांदेनवमी. एकादशीला चातुर्मास सुरू व्हायचा, मग कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. म्हणून आदल्या नवमीला पोटभर कांदा खाऊन घ्यायचा! भजी, थालीपीठ, भरीत, कांद्याची पीठ पेरून भाजी. याला धर्म म्हणा, शेती म्हणा. उन्हाळ्यात काढलेला कांदा पाऊस लागला की सडायला आणि कोंब धरायला लागतो, नवा कांदा दिवाळीच्या आसपास येतो. मधले चार महिने बरा कांदा मिळायची मारामार, तेव्हा तो वर्ज्य करून टाकणं सोयीचंच होतं. आता चातुर्मास आमच्याकडे कुणी पाळत नाही, नवमी मात्र सगळे पाळतात. सोपा भाग तेवढा राहिला. :)

यंदा नात म्हणाली, "आज्जी, या वेळी पार्टी करू. गरम चीज-अनियन डिप करू या." डिप म्हणजे काय, तर बुडवून खायचं तोंडीलावणं. मी शिक्षिका असल्यामुळे पदार्थ करण्याआधी त्याचा इतिहास पाहण्याची खोड आहे. तो पाहिला, आणि फार रमले.

अमेरिकेत हा प्रकार पार्टीत आला तो १९५४ च्या सुमारास. लिप्टन कंपनीचं कांद्याच्या सूपचं कोरडं पाकीट बाजारात येऊन दोनेक वर्षं झाली होती. ते आंबट सायीत कालवलं की झालं डिप, तेही थंड. लॉस एंजेलिसकडे ते इतकं पसरलं की पुढे कंपनीने पाकिटामागेच कृती छापली. गरम डिपचं मूळ मात्र स्वित्झर्लंडच्या फाँड्यूत आहे. मातीच्या भांड्यात वाइन आणि चीज वितळवायचं, खाली दिवा, भोवती माणसं, प्रत्येकाच्या हातात लांब काटा आणि पावाचा तुकडा. झुरिकच्या १६९९ सालच्या एका हस्तलिखित पाकपुस्तकात याची कृती सापडते. पण तो 'राष्ट्रीय पदार्थ' झाला १९३० नंतर, आणि कुणामुळे? तर चीज विकणाऱ्या त्यांच्या संघटनेमुळे. चीज खपेना म्हणून त्यांनी फाँड्यूचा प्रचार केला! परंपरा म्हणून आपण जे डोक्यावर घेतो त्यातलं किती असं विक्रीखात्यातून आलेलं असतं, कोण जाणे.

त्याच स्वित्झर्लंडमध्ये, थून गावी, १९११ साली वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोघांनी आणखी एक उद्योग केला. साधं चीज उष्ण देशांत पाठवलं की वाटेतच तेल सुटून खराब व्हायचं. त्यांनी चीज किसून त्यात सोडियम सायट्रेट घातलं आणि तापवून एकजीव केलं. चीजमधली प्रथिनं कॅल्शियमने एकमेकांना बांधलेली असतात. सायट्रेट ते कॅल्शियम ओढून घेतं, प्रथिनं मोकळी होतात आणि तेलाला धरून ठेवतात. म्हणजे उकडहंडीतून काढल्यासारखं मऊ, गुळगुळीत, टिकाऊ चीज. फाँड्यूत हेच काम वाइनचा आंबटपणा करतो. पुढे अमेरिकेत क्राफ्टने १९१६ साली आपलं पेटंट घेतलं आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांना चीजचे डबे पोहोचले. आपल्याकडे चीज म्हणजे डबा, हे समीकरण त्यातूनच आलं. आपल्या पिढीला चीज कळलं ते हेच, प्रोसेस्ड. आणि डिपला तेच लागतं. उंची चीज तापवलं तर वर तेल आणि खाली रबर अशी गत होते.

आपल्याकडे चीज का झालं नाही? दुधाची वाण नव्हती. दही, ताक, लोणी, तूप, चक्का, खरवस, सगळं होतं. पण चीज मुरवायला थंड तळघर लागतं, आणि आमच्या कर्जत तालुक्यात आषाढ-श्रावणात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. इथे दूध टिकवण्याचं उत्तर होतं तूप. कढवलं, बरणीत भरलं, निर्धास्त झालं. दुसरं कारण मात्र हवेचं नव्हतं, मनाचं होतं, आणि ते मी माझ्या सासूबाईंकडून शिकले.

१९७६ साली यांचा एक आतेभाऊ बोटीवरून परतताना परदेशी चीजचा डबा घेऊन आला. आम्ही सगळे त्याभोवती गोळा. सासूबाई चौथी शिकलेल्या, गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. त्यांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे विरजतात कशानं?" मी बी.ए., हे मॅट्रिक, भाऊ साता समुद्रांपलीकडे जाऊन आलेला. कुणालाच सांगता येईना. त्यानेच मग कुणाला तरी विचारून आठ दिवसांनी पत्र पाठवलं, की दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून काढलेला रस घालतात, त्याला रेनेट म्हणतात.

दूध पचण्याआधी ते पोटात घट्ट व्हावं लागतं, म्हणून निसर्गानेच तो रस वासराला दिलेला असतो. पण तो काढायचा तर वासरू मारावं लागतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. डबा ओटीवर ठेवला गेला, स्वयंपाकघरात आला नाही. ज्यांना खायचं त्यांनी ओटीवर बसून खाल्लं. मीही खाल्लं. त्यांनी कुणाला अडवलं नाही, पण त्या संध्याकाळी धारा काढताना वासराला नेहमीपेक्षा जास्त वेळ पिऊ दिलं, हे मी पाहिलं. दूध थोडं कमी आलं, कुणी विचारलं नाही.

त्याच काळात गुजरातेत आणंदला वेगळी गोष्ट घडून गेलेली होती. खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा संघ १९४६ सालचा. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. डॉ. वर्गीस कुरियन यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली तिथला कारखाना सुरू झाला. त्या यंत्रांना युनिसेफची मदत होती. पाठोपाठ १९६० च्या सुमारास म्हशीच्याच दुधाचं चीज. (इटलीत मोझरेला म्हशीच्या दुधाचं करतात, त्यामुळे 'म्हशीचं दूध चीजला चालत नाही' हे तरी कुणी ठामपणे म्हणायला नको होतं.) ऐंशीच्या दशकात वासराच्या रेनेटऐवजी सूक्ष्मजीवांपासून काढलेलं रेनेट आपल्याकडे रुळलं आणि २००१ पासून पाकिटावर हिरवा ठिपका आला. सासूबाईंच्या प्रश्नाला असं उत्तर मिळालं, पण त्या १९८२ साली गेल्या. तो ठिपका दिसला की मला अजून ओटीवरचा डबा आठवतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, तेव्हा त्यांच्या बर्गरमधल्या चीजच्या चकत्या आपल्या बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून जाऊ लागल्या. आमच्या इथून खांडसवरून भीमाशंकरचा घाट चढून पलीकडे उतरलं की आंबेगाव तालुका, तिथे मंचरला गोवर्धनचा मोठा चीजचा कारखाना आहे. एके काळी या घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून देशावरचा माल कोकणात उतरे. आता चीज उतरतं, मात्र ट्रकने आणि लांबच्या वळणाने.

कांद्याचं म्हणाल तर मी माहेरची पेणकडची, त्यामुळे पक्षपाती आहे. नाशिकच्या लाल कांद्याने देशाची सरकारं हलतात, हे १९८० आणि १९९८ च्या निवडणुकांत पाहिलं. पण चव म्हणजे अलिबागचा पांढरा कांदा! भात काढल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर तो लावतात. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूला त्याची शेती. पातीसकट काढून वेणीसारख्या माळा विणायच्या, त्या आढ्याला टांगायच्या. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरातही त्याची नोंद आहे, आणि आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिखटपणा कमी, गोडी जास्त, त्यामुळे डिपला उत्तम. फाल्गुनात घेतलेली एक माळ मी नवमीसाठी जपून ठेवली होती.

आता खरा अडचणीचा मुद्दा. डिपचं भांडं एक आणि हात अनेक. चावलेला तुकडा पुन्हा बुडवला की संपलं, उष्टं! आपल्याकडे पिठलं हेही गरम, घट्ट, कांद्याचं आणि बुडवूनच खायचं. पण ते ज्याच्या त्याच्या ताटात. एका भांड्यातून सगळ्यांनी खाणं ही आपल्याकडे साधी बाब कधीच नव्हती. उष्ट्याची भीती आणि जातीची भीती यांच्यामधली रेघ फार पुसट होती. याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एका तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तळं, भांडं नव्हे!

आणि त्यानंतर तीस वर्षांनीही मी लहान असताना शाळेत परदेशी दुधाच्या भुकटीचं दूध मिळे, तेव्हा प्रत्येकाने घरून आपापलं फुलपात्र आणायचं. ओळीच्या शेवटी बसणाऱ्या चार मुलांना दूध जरा उंचावरून ओतलं जाई. ओगराळं त्यांच्या भांड्याला लागू नये म्हणून. थोडं सांडायचंच. ती मुलं सांडलेल्याकडे पाहायची, आणि आम्ही बाकीचे आमच्या भांड्यात. असं का, हे त्या वयात मला कळत नव्हतं, पण माझं भांडं जवळून भरतात याचं बरं वाटायचं, हेही खरं. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा माझ्या वर्गात खाऊ वाटायचं काम मी कुणा दुसऱ्याला दिलं नाही.

तेव्हा नातीने एकच भांडं मध्ये ठेवू या म्हटल्यावर मी हो म्हटलं. अट एकच: तुकडे एका घासाचे करायचे. दोनदा बुडवायचा प्रश्नच नको.

कृती विचाराल म्हणून देते. सहा मध्यम पांढरे कांदे पातळ चिरून दोन चमचे लोण्यावर अगदी मंद आचेवर ठेवायचे. घाई नको, पाऊण तास तरी जातो. रंग मधासारखा आला की चमचाभर मैदा भाजून घ्यायचा, कपभर दूध घालून ढवळायचं, मग दोनशे ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून थोडं थोडं. मिरी आणि चिमूटभर मोहरीची पूड. मीठ चाखूनच, चीज खारट असतं. शेवटी गॅस बंद करून दोन चमचे चक्का घालायचा. उकळत्यात घातलात तर फुटतो. परसातल्या चुलीवर भात होता, म्हणून भांडं वैलावर ठेवलं, तिथे ते तासभर कोमट राहिलं. बुडवायला तांदळाच्या भाकरीचे कडक भाजलेले तुकडे आणि नाचणीचे पापड. नातीने आणलेल्या परदेशी चिप्स तशाच राहिल्या.

पंधरा-सोळा माणसं होती. घरचे, शेजारचे, माझ्या जुन्या दोन विद्यार्थिनी आणि त्यांची मुलं. त्यातली एक ठाकरवाडीची, आता स्वतः अंगणवाडी चालवते. तिचा धाकटा भांड्याशेजारून हलेना, आणि ती त्याला दर वेळी "एका घासाचा, एका घासाचा" म्हणत होती. भांडं पुसून काढलं गेलं ते त्यानेच. यांचं मत पडलं की पिठलं जास्त चांगलं लागतं. पण ते म्हणेपर्यंत त्यांनीही चार-पाच तुकडे बुडवले होते.

तुमच्या घरात चीजचा पहिला डबा कोणत्या साली आला, आणि तो ओटीवर राहिला की आत गेला? आठवत असेल तर जरूर लिहा.